पाच मणी खाली, दोन मणी वर

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात चिनी अबॅकसचा, म्हणजे दांड्यांवर मणी ओवलेल्या सुआनपान या हिशेबाच्या चौकटीचा, ओझरता उल्लेख आला आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच द्यायचं ठरवलं. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शांघायला होतो. आमच्याच वसाहतीत एक निवृत्त हिशेबनीस बाई राहायच्या. सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणायचे, म्हणून मीही. मी सुआनपान शिकले ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. खाली जे सांगते आहे त्यातलं पुष्कळसं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलेलं आहे.

माझी मुलगी दुसरीत आहे, वर्षभर अबॅकसच्या क्लासला जाते. तिच्या मामाने चीनहून छान लाकडी अबॅकस आणला. पण क्लासच्या अबॅकसला वर एक आणि खाली चार मणी आहेत, याला वर दोन आणि खाली पाच. टीचर म्हणाल्या, घरी हा देऊ नका, गोंधळ होईल. मग शोकेसमध्येच ठेवायचा का? — एक आई, नाशिक

शोकेसमध्ये अजिबात ठेवू नका. मुलीच्या हातात द्या.

क्लासमध्ये असतो तो जपानी घडणीचा, सोरोबान. मामांनी आणला तो त्याचा पूर्वज. चीनमध्ये छंग दावेई नावाचा एक व्यापारी होऊन गेला, आजच्या आन्हुई प्रांतातल्या ह्वेइचौ भागातला. धंद्यानिमित्त हिंडता हिंडता गणिताची पुस्तकं जमवायचा त्याला नाद. साठीला टेकल्यावर, १५९२ साली, त्याने मण्यांवरच्या हिशेबाचा मोठा ग्रंथ छापला. तो ग्रंथ पुढे जपानला पोहोचला आणि १६२७ साली तिथे जे लोकप्रिय गणिताचं पुस्तक निघालं ते त्याच्याच आधारावर. सुआनपान जपानमध्ये असा रुजला. मग जपान्यांनी आधी वरचा एक मणी काढला, आणि विसाव्या शतकात खालचा पाचवाही. तुमच्या मुलीच्या क्लासमधली चौकट ती ही.

वाचायची रीत दोन्हींत एकच. मधल्या आडव्या पट्टीला जो मणी टेकला, तोच मोजायचा. खालचा मणी एकाचा, वरचा पाचाचा. मुलीला एवढंच सांगा की सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा मणी हलवायचा नाही. झाला सोरोबान. परीक्षा तोंडावर असेल तेव्हा टीचरांचं ऐका, कारण त्या चौकटीची लांबी आणि मण्यांची धार बोटांना सवयीची झालेली असते. सोरोबानचे मणी दोन्हीकडून निमुळते, धारदार असतात, सुआनपानचे गोलसर आणि जाड. परीक्षा झाली की मात्र खुशाल दोन्ही वापरू द्या.

वय बावन्न. मला स्वतःला शिकायचंय, नातवंडांसाठी वगैरे नाही. यूट्यूबवर सगळे इतक्या झपाट्याने बोटं फिरवतात की काही कळत नाही. एकच बेरीज घ्या, पण हळू. — एक वाचक, बेळगाव

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. एकच बेरीज घेऊ, ४७ अधिक ३८. हिच्यात शिकण्यासारखं बहुतेक सगळं येतं.

आधी बोटं. चिनी पद्धतीत तीन बोटं लागतात. खालचे मणी वर ढकलायचे ते अंगठ्याने, खाली आणायचे ते तर्जनीने. वरच्या मण्यांचं सगळं काम मधल्या बोटाचं. अनामिका आणि करंगळी तळहातात मुडपून ठेवायची, नाहीतर त्या शेजारच्या दांडीला लागतात. हे पहिले काही दिवस फार अवघड जातं, एका बोटाने सगळं उरकावंसं वाटतं. तसं करू नका. लाओशी माझ्या करंगळीवर पेन्सिलीने टकटक करायच्या.

चौकट कोरी करा, म्हणजे वरचे मणी वर, खालचे खाली, पट्टीला कुणी टेकलेलं नाही. आता ४७ मांडा. दशकाच्या दांडीवर खालचे चार मणी वर. एककाच्या दांडीवर वरचा एक मणी खाली, खालचे दोन वर. पाच आणि दोन, सात.

आता ३८ मिळवायचे. वहीत आपण उजवीकडून सुरू करतो, इथे डावीकडून. आधी तीस. (तोंडी हिशेबात आपण तरी वेगळं काय करतो? सत्तेचाळीस आणि तीस सत्त्याहत्तर, आणि आठ पंच्याऐंशी.) दशकावर चार मणी वर आहेत, त्यात तीन घालायचेत, खाली एकच उरलाय. इथे चिनी मुलं एक ओळ म्हणतात: ‘सान श्या वू छू अर’. तीन घालायचे तर पाच खाली घे, दोन काढ. मधल्या बोटाने वरचा मणी खाली आणा आणि त्याच दमात तर्जनीने खालचे दोन मणी परत पाठवा. दशकावर पाच आणि दोन, सात राहिले. क्लासमधली मुलं यालाच ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात, पाचाचा जोडीदार.

मग एककावर आठ. तिथे सात आहेत, आठ बसणार नाहीत. यालाही ओळ आहे: ‘बा छू अर जिन यी’. आठ घालायचे तर दोन काढ, एक पुढे दे. एककावरचे खालचे दोन मणी परत, वरचा पाचाचा एकटा राहिला. दशकावर एक मणी वर, सातचे आठ झाले. वाचा: ८५.

वहीत हातचा आपण आकड्याच्या डोक्यावर लिहितो, नाहीतर बोटावर धरतो. इथे तो ज्या घरात जायचा तिथे त्याच क्षणी जाऊन बसतो, म्हणून काही लक्षात ठेवावं लागत नाही. मला या यंत्राचं सगळ्यांत प्रेम आहे ते यासाठी.

अशा बेरजेच्या ओळी एकूण सव्वीस आहेत, एकापासून नवापर्यंत. त्या चिनी भाषेत पाठ करायची गरज नाही, मराठीत म्हणा. पण तोंडाने म्हणाच. मनातल्या मनात म्हटल्या तर बोट अडखळतं, हे मी स्वतः अनुभवलंय. पाढे आपण मोठ्याने का म्हणायचो ते मला त्या टेबलावर कळलं.

वजाबाकी याचीच उलटी. ८५ मधून ३८ काढा, ४७ परत यायला हवेत. दशकातून तीन काढताना, आठात खालचे तीन आहेत, सरळ निघतात. एककातून आठ काढताना दशकातला एक कमी करायचा, म्हणजे वरचा पाचाचा मणी परत पाठवून खालचे चार वर, आणि एककात दोन घालायचे. बेरीज केली की लगेच उलटी वजाबाकी करून मूळ आकड्यावर येत चला, उत्तर तपासायला दुसरं कुणी लागत नाही.

मी ८१ वर्षांचा आहे. पेढीवर हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे आजही येतात. एक मणी पाचाचा आणि खाली चार एवढ्यात नऊपर्यंत सगळं बसतं, मग चिन्यांनी वर दोन आणि खाली पाच कशाला ठेवले? व्यापारी माणूस उगाच खर्च करत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

काका, तुमच्या पिढीला हे आमच्यापेक्षा लवकर उमजेल.

एका दांडीवरचे सगळे मणी पट्टीला टेकवले तर किती होतात? दोन पाचाचे दहा, खालचे पाच, एकूण पंधरा. आणि जुन्या चिनी वजनात एका जिनचे लियांग सोळा. म्हणजे एका दांडीवर शून्यापासून पंधरा लियांगपर्यंत कुठलंही वजन जसंच्या तसं मांडता येतं. समजा दांडीवर नऊ लियांग आहेत, वर एक मणी, खाली चार. गिऱ्हाईकाने आणखी सहा मागितले. वरचा दुसरा मणी खाली, खालचा पाचवा वर, दांडी भरली. त्यावर एक आणखी आला की दांडी कोरी करायची आणि डावीकडे जिनच्या दांडीवर एक मणी चढवायचा. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर ज्यांनी लिहिलाय त्यांना यात नवल वाटणार नाही.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. भाव जिनचा सांगितलेला, माल काही लियांग, तर सोळांशाचे दशांश करावे लागतात. त्यासाठी चिनी हिशेबनिसांचं एक गाणं होतं. पहिली ओळ ‘यी थुई लिऊ अर वू’: एक, घर मागे, सहा दोन पाच. एक सोळांश म्हणजे ०.०६२५. पुढे दोनाला एक दोन पाच, तीनाला एक आठ सात पाच, चाराला दोन पाच, असं पंधरापर्यंत.

लाओशींनी हे मला म्हणून दाखवलं तेव्हा मी थांबवून विचारलं, पुन्हा म्हणा. कारण हे आकडे मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते. १ एप्रिल १९५७ला आपल्याकडे नये पैसे आले तेव्हा एका आण्याचे सव्वासहा, दोनाचे साडेबारा, तीनाचे पावणेएकोणीस, चाराचे पंचवीस. व्यवहारात आणा सहा पैशांना, दोन आणे बाराला आणि तीन आणे एकोणीसला चालले, तुम्हाला ते आठवत असेल. चीनमध्ये जिनचे दहा लियांग १९५९ साली झाले. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांतल्या पेढ्यांवर सोळाचा हिशेब बंद पडायला लागला. हाँगकाँगच्या बाजारात सोळाचा हिशेब अजून टिकून आहे.

वजनाखेरीज आणखी एक कारण आहे. गुणाकार-भागाकार करताना मधल्या टप्प्यावर एखाद्या दांडीवर नवापेक्षा जास्त साठतं. जादा मणी असले की हातचा लगेच द्यावा लागत नाही, जरा थोपवता येतो. वरच्या ४७ अधिक ३८ मध्येच बघा. एककावर सात होते. आठ तसेच घाला: वरचा दुसरा मणी खाली, खालचे तीन वर. दांडी काठोकाठ, पंधरा. मग सवडीने वरचे दोन परत पाठवून दशकावर एक चढवा, आणि खालचे पाच परत पाठवून वरचा एक खाली घ्या. पुन्हा ८५. नवशिक्याला ही रीत फार आवडते, कारण ‘दोन काढ, एक पुढे दे’ असं का, ते डोळ्यांदेखत दिसतं. मी कुणालाही शिकवताना आधी हीच दाखवते, ओळ नंतर देते.

काका, तुमची सवायकी-पाऊणकी कुणीतरी लिहून घ्यायला हवी. घरात कोणी नसेल तर इथे पाठवा, आपण छापू.

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून आकडे मांडायची पाटी) आहे. सुआनपान चालेल का? — एक शिक्षिका, पुणे

साधा सुआनपान नको. त्याचे मणी सैल असतात. मुलं बोटांनी चाचपून वाचणार, आणि चाचपताना मणी सरकला तर मांडलेला आकडाच बदलतो. यासाठी क्रॅनमर अबॅकस मागवा. टिम क्रॅनमर हे केंटकीतले, स्वतः दृष्टिहीन. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जपानी अबॅकसच्या मण्यांमागे मऊ कापडाचा थर बसवला, म्हणजे मणी जिथे ठेवावा तिथेच राहतो. वर एक, खाली चार. बेरीज-वजाबाकीच्या ज्या ओळी मी वर दिल्या त्या तशाच्या तशा लागू पडतात, आणि त्या मोठ्याने म्हणायच्या असल्यामुळे तुमच्या वर्गात त्यांचा जास्तच उपयोग होईल.

मुलगा नऊ वर्षांचा. क्लासमध्ये आता ‘मेंटल’ सुरू झालंय, चौकट नाही, हवेत बोटं फिरवून उत्तर. स्पर्धेत वेळ लागला म्हणून रडत घरी आला. त्याला घरी काय करून घ्यावं? — एक बाबा, डोंबिवली

त्याला चौकट परत द्या. कुणी काही म्हटलं तरी द्या.

मनातला अबॅकस ही खरी गोष्ट आहे, थोतांड नाही. डोळ्यांसमोर मणी दिसू लागतात आणि बोटं त्यांना हलवतात. पण ते मणी खऱ्या मण्यांवर पुष्कळ काळ हात बसल्यावर दिसतात. आधीच चौकट काढून घेतली की मूल अंदाजाने बोटं नाचवतं आणि उत्तर चुकलं की स्वतःला मठ्ठ समजतं. आपल्याकडच्या स्पर्धांच्या घाईत हे फार होतंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला मिनिटांचं घड्याळ लावायची काही गरज नाही.

वेगाचं म्हणाल तर नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोला एक जाहीर सामना झाला होता. एका बाजूला अमेरिकन सैनिक विजेवरचं गणनयंत्र घेऊन, दुसऱ्या बाजूला पोस्टखात्यातले कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन. सोरोबान ४-१ने जिंकला, फक्त गुणाकारात हरला. मात्सुझाकींचा हात दिवसभराच्या कामाने तयार झालेला होता आणि समोर खरी चौकट होती.

घरी त्याच्याकडून हे करून घ्या. शांघायला हिशेबनिसाच्या पहिल्या धड्यात असायचं: एकापासून शंभरापर्यंतचे आकडे ओळीने मिळवत जायचे. एक, अधिक दोन, अधिक तीन. शेवटी ५०५० यायला हवेत. वाटेत थांबे आहेत. २४ मिळवून झाले की ३०० दिसतात. ३६ला ६६६, तीन दांड्यांवर एकसारखे मणी, मुलं इथे हमखास ओरडतात. ४४ला ९९०. ७७ला ३००३. थांब्यावर आकडा जुळला नाही तर मागच्या थांब्यापासून पुन्हा, अगदी एकापासून नाही. दोघं मिळून करा, तुम्ही आकडा सांगा, त्याने मणी हलवावे. दमला की जिथे असेल तिथे चौकट तशीच ठेवून द्या, उद्या तिथून पुढे.

हे जमलं की दुसरं: कोऱ्या चौकटीवर ६२५ सोळा वेळा मिळवा. बरोबर असेल तर पाचव्या दांडीवर एकच मणी उरतो आणि बाकी सगळं कोरं, १०,०००. (कोल्हापूरच्या काकांचं उत्तर वाचलं असेल तर हे का, तेही कळेल.) या दोन्हींत त्या सगळ्या ओळी पुन्हा पुन्हा येतात. तोवर घड्याळ कपाटात. आणि टीचरांना मोकळेपणी सांगा की याला अजून काही महिने चौकट हवीये. चांगली टीचर ऐकेल.

२०१३ साली युनेस्कोने चिनी मणिगणिताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या यादीतल्या मजकुरात मुलांनी किती सेकंदांत उत्तर द्यावं असं काही नाही.

मावशी, मी आठवीत आहे. मित्र म्हणतो अबॅकसवर भागाकार होतच नाही, तो बेरजेचाच खेळ आहे. खरं आहे का? — एक विद्यार्थी, लातूर

मित्राला उद्या हे करून दाखव. ३४ भागिले २. भागाकाराचं पण चिनी गाणं आहे, दोनाने भागायला त्यातल्या दोनच गोष्टी पुरतात. पहिली: दांडीवर दोन सापडले की ते काढायचे आणि डावीकडच्या दांडीवर एक चढवायचा. चार सापडले तर चार काढून डावीकडे दोन, सहा सापडले तर तीन, आठला चार. दुसरी: दांडीवर एकच उरला, तर त्याला त्याच जागी पाच करायचं. (एका दहाचे निम्मे पाच, म्हणून.)

तीन दांड्या घे. डावी कोरी, मधल्या दांडीवर ३, उजव्या दांडीवर ४. मधल्या तिनात दोन सापडले: ते काढ, डावीकडे एक. आता १, १, ४. मधल्या दांडीवर एकच उरला, त्याचे पाच कर. १, ५, ४. उजव्या दांडीवर चार सापडले: काढून टाक, डावीकडे दोन. मधले पाच आता सात झाले. १, ७, कोरी. उत्तर १७.

उत्तर एक घर डावीकडे सरकून येतं, हे लक्षात ठेव. गोंधळ होत असेल तर एककाच्या दांडीखाली खडूची खूण कर आणि वाचताना ती खूण एक घर डावीकडे धर.

आता तू ७६ भागिले २ कर. मधल्या दांडीवर सात आहेत, त्यातले सहा काढलेस की डावीकडे तीन चढतील. शेवटी ३८ यायला हवेत. ३५ वर अडकलास तर उजव्या दांडीवरचे सहा काढून डावीकडे तीन द्यायचे राहिलेत.